पायावर झडप, हातावर ओरखडे : पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्यांसाठी

पहाटे सव्वापाचची वेळ. गोधडीखाली माझा अंगठा जरासा हलला आणि पलंगाच्या कडेवरून काहीतरी धप्पकन येऊन त्यावर पडलं. सुईसारखे दात रुतले, वर मागच्या पायांच्या लाथा. बंड्या तेव्हा अडीच महिन्यांचा, वजन जेमतेम एक किलो. माझ्या दोन्ही मनगटांची अवस्था अशी होती की भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "करवंदं तोडायला गेला होता का ताई?"

बंड्या आम्हाला पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटमध्ये सापडला. आईचा आणि भावंडांचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी दात बघून वय सांगितलं, साधारण पाच आठवडे. आज तो चार वर्षांचा आहे, आणि मला त्याचा शेवटचा ओरखडा कधी लागला ते आठवावं लागतं. मधल्या काळात आम्ही बऱ्याच चुका केल्या. त्या तुमच्या घरी होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे, आणि ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने.

आधी नीट बघा : खेळ, राग, की "आता पुरे"?

खेळणारं पिल्लू बहुधा गुपचूप असतं. दबा धरून बसतं, मागची बाजू डुगडुगवतं, झेप घेतं, चावतं आणि पळून जातं. कधी पाठ कमानीसारखी करून खेकड्यासारखं आडवं उड्या मारतं. नव्या माणसाला ते भयंकर वाटतं, पण पिल्लांमध्ये तो खेळच असतो. राग किंवा भीती असेल तर आवाज येतो. फिस्कारणं, खोल गुरगुरणं, कान डोक्याला चिकटलेले, अंग चोरून घेतलेलं. अशा मांजराशी खेळायला जाऊ नका, उचलू तर मुळीच नका. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा आणि शांत होऊ द्या. खिडकीबाहेर दुसरा बोका दिसला तरी घरातलं मांजर खवळतं आणि समोर जो सापडेल त्याला चावतं. त्यात तुमचा दोष नसतो, फक्त तुम्ही जवळ उभे असता.

तिसरा प्रकार सगळ्यांना बुचकळ्यात टाकतो. मांडीवर बसून घुरघुरत असलेलं मांजर अचानक हात पकडून चावतं. ते अचानक नसतं. त्याआधी शेपटीचं टोक आपटायला लागलेलं असतं, पाठीची कातडी थरथरते, कान जरा बाजूला वळतात. कुत्रा शेपूट हलवतो म्हणून मांजराच्या शेपटीचाही तोच अर्थ लावला जातो. मांजराने शेपूट आपटली तर हात काढून घ्यायचा, एवढं पुरतं. बहुतेक मांजरांना हनुवटीखाली, गालांवर, कानांच्या मुळाशी खाजवलेलं आवडतं. पोट दाखवून लोळतं तेव्हा ते तुमच्यावर विश्वास टाकतंय. पोटाला हात लावा असं सांगत नाहीये. दोन-चारदा हात फिरवून थांबा. त्याने परत डोकं घासलं तर पुढे चालू.

आणि कधीच न चावणारं मोठं मांजर एकाएकी चावायला लागलं, विशेषतः एखाद्या ठरावीक जागी हात लावल्यावर, तर पुढचं काही वाचू नका. दात, सांधे, कान, कुठेतरी दुखत असणार. सरळ डॉक्टरांकडे जा.

चावण्याचं कारण

मांजर छोटी छोटी भक्ष्यं मारून जगणारा प्राणी आहे. एक उंदीर म्हणजे काही पंगत नव्हे, त्यामुळे दिवसात अनेकदा शिकार करावी लागते, आणि त्यातल्या बऱ्याच झडपा फुकट जातात. म्हणून निसर्गाने शिकारीची ऊर्मी भुकेपासून बऱ्यापैकी वेगळी ठेवली आहे. वाटी भरलेली असली तरी दबा धरायचा, धावायचं, पकडायचं, दात रोवायचे आणि मागच्या पायांनी लाथा मारायच्या, ही सगळी मालिका अंगात शिल्लक राहतेच. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हलणारी वस्तू म्हणजे तुमचा घोटा, आजींचा पदर आणि पायजम्याची लोंबती नाडी. मग दुसरं काय होणार?

दुसरी गोष्ट भावंडांची. पिल्लं चार आठवड्यांची झाली की एकमेकांशी कुस्ती खेळू लागतात. एकाने जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून देतं, आईही पंजाने एखादी ठेवून देते. दात किती रोवायचे याचं शिक्षण तिथे होतं. म्हणून पिल्लू निदान आठ आठवडे, आणि जमलं तर बारा आठवडे आई-भावंडांजवळ राहू द्यावं. "लहानपणी आणलं की माणसाळतं" म्हणून चार आठवड्यांचं पिल्लू उचलून आणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यासाठी ते तोडायची काहीच गरज नसते. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांनी त्याला रोज थोडा वेळ प्रेमाने हाताळलं तर आईजवळ राहूनही ते माणसाळतं. बंड्याची शाळा बुडालीच होती, त्यामुळे ती आम्हाला घ्यावी लागली.

त्यात दात येण्याची भर. मांजराला २६ दुधाचे दात असतात. ते साधारण साडेतीन ते सहा महिन्यांच्या काळात पडतात आणि ३० पक्के दात येतात. या दिवसांत चावाचावी वाढते. तांदळाच्या कणीएवढा दात फरशीवर सापडला तर घाबरू नका.

पायरी १ : हात खेळातून बाद

ही पायरी मांजरासाठी नाहीच, घरातल्या माणसांसाठी आहे, आणि म्हणूनच सगळ्यात अवघड. पिल्लू इवलंसं असताना बोटं नाचवायची, पालथं पाडून पोटात गुदगुल्या करायच्या, चादरीखाली हात फिरवायचा. किती गोड वाटतं! पाच महिन्यांनी त्याच बोटांना पक्के दात लागतात आणि मग आपण म्हणतो, मांजर चावरं निघालं.

आमच्याकडे हा उद्योग भाऊजींचा होता. ते आले की हाताचा खेकडा करून बंड्यावर चालवत. मी अडवलं तर म्हणाले, "वहिनी, वाघाची मावशी आहे ती, थोडं चावणारच." मी आठवडाभर खपून शिकवायचं आणि रविवारी दुपारी सगळं पाण्यात. शेवटी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, फर्मान काढलं : घरात पाऊल टाकणाऱ्याच्या हातात आधी काठी द्यायची. म्हणजे खेळण्याची काठी. बूट काढायच्या आत पाहुण्याच्या हातात ती गेली, की बंड्याचं लक्ष बोटांवरून काठीच्या टोकाकडे जायचं. भाऊजींनाही तो खेळ जास्त आवडला.

घरातल्या एकालाही सवलत देऊ नका. मोजा किंवा हातमोजा घालून खेळणं हीसुद्धा पळवाट आहे. आतला हात मांजराला बरोबर कळतो.

पायरी २ : दात लागले त्या क्षणी

थिजून जा. हात मागे ओढू नका. ओढला तर कातडी फाटते, आणि पळणारं भक्ष्य सोडायचं नाही हे मांजराच्या रक्तात आहे. उलट हात सैल सोडून अगदी किंचित त्याच्या तोंडाच्या दिशेने सरकवा. उंदीर कधी तोंडात शिरत नाही, त्यामुळे ते गोंधळतं आणि पकड ढिली होते. मग काही न बोलता उठा, पाठ फिरवा, शक्य असेल तर खोलीबाहेर जा. अर्धा-एक मिनिट पुष्कळ झालं. परत आल्यावर हातात खेळणं असू द्या.

हे चावल्यानंतर एक-दोन सेकंदांत झालं पाहिजे. हळद लावून, आरशात बघून, नवऱ्याला दाखवून मग मांजराकडे पाठ फिरवली तर त्याला कशाचा काय संबंध लागणार?

नाकावर टिचकी, पाण्याचा फवारा, मानगुटीला धरून उचलणं, बाथरूममध्ये कोंडणं हे सगळं सोडून द्या. फवाऱ्याचा प्रयोग आम्ही चार दिवस केला. त्यातून बंड्या एवढंच शिकला की मोरीजवळची निळी बाटली माझ्या हातात असेल तेव्हा चावायचं नाही. मार खाल्लेलं मांजर एकतर घाबरून आधीच पंजा उगारतं किंवा त्याला कुस्तीचं आमंत्रण समजतं. ओरडण्याचंही तसंच. "आई गं!" ऐकून काही पिल्लं थांबतात, काहींना आणखी चेव येतो. तुमचं कुठल्या जातीचं आहे ते दोन दिवसांत कळेल.

सुरुवातीचे काही दिवस चावणं वाढल्यासारखं वाटू शकतं. आजवर चालत आलेली युक्ती चालेनाशी झाली की ते ती आणखी जोर लावून करून बघतं. इथेच बहुतेक जण हात टेकतात. टेकू नका.

पायरी ३ : शिकार मिळू द्या

नुसतं "हात नाही" म्हणून भागत नाही, कारण ऊर्मी कुठेतरी बाहेर पडणारच. लांब काठी, तिला दोरी, दोरीला काहीतरी फडफडणारं, हे या कामाचं सर्वोत्तम हत्यार. दुकानात मिळतं, पण आमचं पहिलं घरीच झालं. खराट्याचे चार हीर एकत्र बांधले, टोकं चिकटपट्टीने गुंडाळली, हातभर जाड सुतळी लावली आणि तिच्या टोकाला जुन्या टीशर्टची गाठ. एकूण खर्च शून्य.

खेळणं हलवायची रीत मात्र शिकावी लागते. लोक ते मांजराच्या तोंडापुढे गदागदा नाचवतात. कुठला उंदीर मांजराच्या नाकाशी येऊन नाचतो? ते मांजरापासून लांब जाऊ द्या. उशीआड लपवा, टोक जरासं बाहेर ठेवा, थांबा. वर्तमानपत्राखालून खसफस करा. पुन्हा थांबा. मांजर नुसतं टक लावून बसलंय म्हणजे खेळत नाहीये असं समजू नका. दबा धरणं हा त्याच्या खेळाचा निम्मा भाग आहे. मग सोफ्याखालून सुसाट पळवा. आणि दर दोन-तीन झडपांत एकदा पकडू द्या, चावू द्या, लाथा मारू द्या.

शेवट एकदम तोडायचा नाही. भक्ष्य दमत चाललंय असं दाखवत वेग कमी करा, शेवटची पकड मिळू द्या आणि लगेच जेवण वाढा. शिकार, जेवण, अंग चाटून स्वच्छ करणं, झोप, असा मांजराचा ठरलेला क्रम आहे. तो तुमच्या सोयीच्या वेळेला बसवता येतो.

मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त चळवळं असतं. आम्ही सकाळी दहा मिनिटं, दिवेलागणीला दहा मिनिटं आणि रात्री झोपायच्या आधी पंधरा मिनिटं ठरवली. रात्रीच्या खेळानंतर शेवटचं जेवण. साधारण दोन आठवड्यांत गोधडीवरचे पहाटेचे हल्ले थांबले. या सगळ्या लेखातलं एकच करणार असाल, तर हे रात्रीचं करा.

कुस्तीची हौस भागवायला वेगळं खेळणं लागतं. जुना लांब मोजा घ्या, त्यात चिंध्या ठासून तोंड शिवून टाका. लांबी अशी हवी की पुढच्या पायांनी कवटाळून मागच्यांनी लाथा मारता येतील. पिल्लू हाताकडे झेपावतंय असं दिसलं की हा मोजा मध्ये सारा. बंड्याने असे तीन फाडले, माझं मनगट वाचलं.

लेझरचा लाल ठिपका मला आवडत नाही. मांजर जिवाच्या आकांताने धावतं आणि पंजात कधीच काही येत नाही. काही मांजरं नंतर तासन्‌तास भिंतीकडे बघत बसतात. वापरायचाच असेल तर डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खाऊवर नेऊन थांबवा. तुम्ही ऑफिसला जात असाल तर रोजच्या कोरड्या खाण्यातले थोडे दाणे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये टाकून जा. पंजाने काढता काढता त्याचा वेळ जातो.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळा : दोरी. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात. दोरा एकदा तोंडात गेला की बाहेर थुंकणं कठीण, तो गिळलाच जातो. शिवणाचा दोरा, राखीचा धागा, रबरबँड, दिवाळीच्या झिरमिळ्या, संक्रांतीचा मांजा, हे आतड्यात अडकलं तर आतडं चुण्या पडून गोळा होतं आणि ऑपरेशनची वेळ येते. खेळ संपला की काठी कपाटात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच डॉक्टरांकडे न्यायचं.

पायरी ४ : नखांची सोय

मांजराला साधारणपणे १८ नखं असतात, पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. ते सोफा बोचकारतं तेव्हा तुमच्यावर सूड घेत नसतं. नखांवरचं जुनं टरफल निघतं, पाठ-खांदे ताणले जातात, आणि पंजातल्या ग्रंथींचा वास लागून "ही जागा माझी" अशी खूण उमटते. हे बंद होत नाही, जागा तेवढी बदलता येते.

खांब उंच हवा, मांजराला मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणता येईल इतका, म्हणजे अडीच-तीन फूट. आणि तो डगमगता कामा नये. एकदा अंगावर पडला की मांजर परत त्याच्या वाटेला जात नाही. बाजारातल्या खांबांना जो सिसलचा दोर असतो तो घायपाताच्या वाखाचाच भाऊबंद. घरी करायचं तर फळीवर काथ्याची पायपुसणी ठोका किंवा जड स्टुलाच्या पायाला सुतळी घट्ट गुंडाळा. काहींना उभ्यापेक्षा आडवं आवडतं, त्यांना जमिनीवर पुठ्ठा किंवा पोतं चालतं. ठेवायची जागा म्हणजे त्याच सोफ्याच्या शेजारी, नाहीतर ते झोपून उठतं तिथे. आमचा पहिला खांब शोभा नको म्हणून गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवला होता. तिथे कावळा बसायचा, बंड्या नाही.

सोफ्याच्या कोपऱ्यावर महिनाभर जाड चादर खोचून ठेवा. पंजे धरून खांबावर घासून दाखवू नका. धरलेलं मांजराला आवडत नाही, आणि खांबाचाही राग येतो.

नखं कापणं सोपं आहे, घाई न केली तर. जेवून पेंगुळलेलं असताना एक बोट वरून-खालून हलकेच दाबा, नख बाहेर येईल. आत गुलाबी भाग दिसतो, तिथे रक्तवाहिनी आणि संवेदना असतात. त्याच्या बऱ्याच पुढचा पारदर्शक आकडा तेवढा कापायचा. एका दिवशी दोन नखं कापली तरी चालतं, कोणी परीक्षा घेत नाहीये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. चुकून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर लावून दाबून धरा. पहिल्या वेळी डॉक्टरांकडून करून दाखवून घ्या. नखं कायमची काढून टाकण्याचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्यात प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापतात.

निलगिरीचं तेल, कापूर असल्या उग्र वस्तू सोफ्याला चोपडायचा सल्लाही मिळेल. त्या मांजराला विषारी आहेत. चाटून पोटात जातात.

दुसरं पिल्लू आणावं का?

पहिलं अजून लहान असेल, खर्च आणि जागा परवडत असेल तर जरूर. दोघं एकमेकांना चावून एकमेकांना शिकवतात. पण म्हाताऱ्या मांजराच्या जिवाला दांडगं पिल्लू लावू नका. नसबंदी मात्र चार ते सहा महिन्यांच्या सुमारास करून घ्या. त्याने खेळातलं चावणं थांबत नाही, पण बोक्यांची मारामारी आणि भटकणं कमी होतं.

चावा लागलाच तर

मांजराचा दात बारीक असतो, जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत खोल जाते. बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. एका दिवसाच्या आत बोट लाल होऊन सुजलं, ठणकायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा, विशेषतः चावा हातावर किंवा सांध्याजवळ असेल तर. ओरखड्यानंतर काही दिवसांनी काखेत गाठ आणि ताप आला तर मांजराने ओरखडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. पिसवांमुळे पसरणारा एक आजार तसा येतो.

प्रत्येक चाव्यावर आणि रक्त काढणाऱ्या ओरखड्यावर पहिला इलाज एकच : साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही.

रेबीज मांजरापासूनही होतो आणि तो झाल्यावर इलाज नाही. तुमच्या मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या, पुढचे डोस वेळच्या वेळी द्या आणि तारीख लिहून ठेवा. चावा लागल्यावर ती तारीख डॉक्टरांना दाखवा, लस घ्यायची की नाही हे त्यांना ठरवू द्या. रस्त्यावरच्या, नुकत्याच आणलेल्या किंवा लस न दिलेल्या मांजराचा चावा असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. लस सरकारी रुग्णालयांत मिळते. दंडात घ्यायची असेल तर ती ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत घ्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलेलं असेल तर जखमेत वेगळं सीरमही द्यावं लागू शकतं. "घरचंच पिल्लू आहे, त्याला काय होतंय" असं म्हणून मधले डोस सोडू नका.

किती दिवस लागतात?

बंड्याचे हातावरचे चावे दीड महिन्यात जवळजवळ थांबले. घोट्यांना आणखी तीन महिने लागले, कारण चालणारे पाय थांबवता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून आईंनी कनवटीला कागदाचे दोन-तीन बोळे ठेवायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या दारात तो दबा धरून बसलेला दिसला की आधीच एक बोळा लांब भिरकावायचा, तो धावला की आपण निघून जायचं. वर्षाचा झाल्यावर दांडगाई बरीच उतरली.

फरशी पुसायचं फडकं मात्र आजही त्याचं भक्ष्य आहे. चार वर्षं झाली, त्यावर आम्हाला काही उपाय सापडला नाही. लादी पुसायची असली की त्याला बेडरूममध्ये खाऊ देऊन दार लावून घेतो.